कागदावरचे पाणी आणि हंड्यातले पाणी

आम्ही पेशाने कारकून. बी. कॉम. होऊन नोकरीला लागलो तेव्हापासून जमाखर्चाच्या वह्या, पावत्या आणि व्हाउचरे यांतच आमचे दिवस गेले. महिनाअखेर आली की रोकडवही आणि बँकेचे पासबुक समोरासमोर ठेवायचे, दोन्हींतली शिल्लक जुळते का ते पाहायचे आणि जुळली नाही तर फरक कुठे पडला तो शोधून काढायचा, हे आमचे नेहमीचे काम. या कामाला ताळमेळ म्हणतात. फरक सापडेपर्यंत चांगला कारकून टेबल सोडत नाही, अशी आमच्या जुन्या हेडक्लार्क साहेबांची शिकवण होती.

रुपयाचा ताळमेळ घेणारे आम्ही एके दिवशी पाण्याचा ताळमेळ घ्यायला बसलो. ते कसे घडले आणि त्यातून आम्ही काय शिकलो, हे आज वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो. पाण्याचा हिशेब हा मोठमोठ्या इंजिनिअरांचा विषय आहे, आपल्याला त्यातले काय कळणार, असे म्हणून आपण तो सोडून देतो. पण ज्याच्या घरात पाणी कमी येते, त्यानेच तो हिशेब आधी शिकला पाहिजे, असे आमचे मत झाले आहे.

एकोणीस खेपांचे कोडे

सन २०१६ चा उन्हाळा. लागोपाठच्या दुष्काळाने मराठवाडा पोळून निघाला होता. लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, ते हेच वर्ष. आमच्या ओळखीच्या एका वस्तीवर टँकर सुरू होता. वस्तीत ६२० माणसे. संबंधित कार्यालयाच्या नोंदवहीप्रमाणे दररोज तीन खेपा आणि प्रत्येक खेप १०,००० लिटरची. मे महिन्याचे ३१ दिवस, म्हणजे ९३ खेपा. कागदावर सारे व्यवस्थित होते. माणशी दररोज ४८ लिटर पाणी पडत होते.

आम्ही वस्तीवर गेलो आणि हा आकडा वाचून दाखवला. एक म्हातारी आजी ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, “भाऊ, तुमच्या कागदात पाणी हाय, मंग आमच्या हंड्यात कामून नाही?”

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. पण तिच्या नातीजवळ होते. सातवीत शिकणाऱ्या त्या मुलीने शाळेच्या जुन्या वहीत टँकरची नोंद ठेवली होती. टँकर आला की एक रेघ. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. आईने पाण्याच्या भांडणाला कंटाळून तिला हे काम लावले होते. आम्ही रेघा मोजल्या. मे महिन्यात ७४ भरल्या. कार्यालयाच्या ९३, मुलीच्या ७४. फरक १९.

वस्तीवरची तरुण मंडळी लगेच उसळली. “दादा, १९ खेपा गिळल्या! अर्ज लिहा, आत्ताच्या आत्ता मोर्चा काढू.” खरे सांगायचे तर आमचेही रक्त तापले होते. अर्जाचा मायनासुद्धा लिहून झाला होता. पण हेडक्लार्क साहेबांची शिकवण आडवी आली. फरक सापडला म्हणजे चोरी सापडली असे नव्हे. आधी फरकाची फोड केली पाहिजे.

दोन रविवार आम्ही त्या कामात घातले. एका बाजूला टँकरच्या पावत्या, दुसऱ्या बाजूला मुलीची वही आणि भोवती वस्तीतल्या माता-भगिनी. तारीखवार जुळणी सुरू केली. पहिल्यांदा असे दिसले की एप्रिलच्या शेवटच्या दोन खेपांच्या पावत्या उशिरा पोहोचल्या होत्या आणि त्या मे महिन्यात चढवल्या होत्या. पाणी आले होते, पण आदल्या महिन्यात. या २ गेल्या. पुढे पलीकडच्या गल्लीतल्या बायांनी सांगितले की काही वेळा टँकर रात्री अकरा-बाराला येऊन त्यांच्याकडच्या आडात रिकामा व्हायचा. मुलगी त्या वेळी झोपलेली असायची. तारखा विचारून घेतल्या, पावत्यांवरच्या वेळा पाहिल्या, तशा ६ खेपा निघाल्या. या ६ गेल्या. राहिल्या ११. या अकरा खेपांचा टँकर वस्तीतल्या एकाही माणसाने पाहिला नव्हता.

अजून एक गोष्ट शिल्लक होती. टँकर १०,००० लिटरचा, हे कुणी मोजले होते? आम्ही २०० लिटरचे ड्रम एका ओळीत मांडायला लावले आणि एक खेप त्यांत उतरवून घेतली. ४२ ड्रम भरले, म्हणजे ८,४०० लिटर. ड्रायव्हर बिचारा खाली वाकून व्हॉल्व्ह दाखवू लागला. तो सारखा गळत होता आणि रस्ताभर खड्डे होते. निघताना भरलेला टँकर वस्तीवर येईपर्यंत १,६०० लिटरने हलका होत होता.

आता हिशेब पुरा झाला. प्रत्यक्ष आलेल्या खेपा ८०, प्रत्येकी ८,४०० लिटर, म्हणजे ६,७२,००० लिटर. कागदावर ९,३०,००० लिटर. माणशी ४८ लिटर कागदावर, ३५ लिटर हंड्यात. एकूण फरक २,५८,००० लिटरचा. त्यातले २०,००० लिटर एप्रिलचे, १,२८,००० लिटर रस्त्यात गळालेले आणि १,१०,००० लिटर कधी आलेच नाहीत.

आम्ही अर्जात १९ न लिहिता ११ लिहिले. शेजारी गळतीचे मोजमाप लिहिले आणि ज्या ८ खेपांवर आमचाच संशय चुकीचा होता, तेही लिहिले. कार्यालयातल्या माणसाने पहिल्याने अर्ज बाजूला सारला. नंतर फोड वाचली आणि खुर्ची दिली. १९ लिहिले असते तर त्याने त्या आठ खेपांच्या पावत्या तोंडावर मारल्या असत्या आणि खऱ्या अकरा खेपाही खोट्या ठरल्या असत्या. पुढच्या महिन्यापासून पावतीवर वस्तीतल्या एका बाईची सही घेण्याचे ठरले. व्हॉल्व्ह बदलला. त्या अकरा खेपा मात्र परत आल्या नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. जे पाणी मे महिन्यात मिळाले नाही, ते जूनमध्ये मिळून उपयोग काय?

फरकाचे तीन प्रकार

या एका वस्तीच्या हिशेबाने आम्हाला जे शिकवले, ते पुढे मोठमोठ्या धरणांचे अहवाल वाचताना उपयोगी पडले. पाण्याच्या दोन आकड्यांत फरक पडतो तो तीन कारणांनी.

पहिला फरक वेळेचा. सरकारचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. सिंचन वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपते. कृष्णा खोऱ्याच्या पाणीवाटपात जलवर्ष १ जून ते ३१ मे असे धरले आहे. एकच पाऊस, पण तीन वह्यांत तीन वेगळ्या वर्षांत जमा होऊ शकतो. एप्रिलच्या खेपा मे महिन्यात चढल्या, तसाच हा प्रकार.

दुसरा फरक मोजमापाचा. एक जण निघालेले पाणी मोजतो, दुसरा पोहोचलेले मोजतो. एकाची पट्टी एक, दुसऱ्याची दुसरी.

तिसरा फरक खरा. पाणी हिशेबात आहे आणि जागेवर नाही. पहिले दोन फरक काढून टाकल्याशिवाय हा तिसरा उघडा पडत नाही. लबाड माणूस नेहमी पहिल्या दोहोंच्या गर्दीत तिसरा लपवतो. आणि उतावळा कार्यकर्ता पहिल्या दोहोंनाही चोरी म्हणून स्वतःचे हसे करून घेतो.

नाथसागराची वही

आता मोठी वही उघडू. पैठणचे जायकवाडी धरण. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. छत्रपती संभाजीनगर आणि जालना या शहरांची तहान, कारखान्यांचे पाणी आणि दोन कालव्यांवरची मराठवाड्याची शेती या एका जलाशयावर अवलंबून आहे.

या धरणाची एकूण क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर. वर्तमानपत्रांत याला दलघमी लिहितात. यातला ७३८ दलघमी मृत साठा, म्हणजे कालव्याच्या तोंडाखाली राहणारे पाणी. उरलेला २,१७१ दलघमी उपयुक्त साठा. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८.३ दलघमी. त्या हिशेबाने उपयुक्त साठा सुमारे ७६.६५ टीएमसी होतो.

समजा धरणात एकूण १,४५१ दलघमी पाणी आहे. एक म्हणेल, धरण अर्धे भरले. दुसरा म्हणेल, धरणात ३३ टक्केच पाणी आहे. दोघेही खरे बोलतात. पहिल्याने एकूण क्षमतेशी भागले, दुसऱ्याने मृत साठा वजा करून ७१३ दलघमीला उपयुक्त क्षमतेशी भागले. म्हणून “टक्के किती?” एवढेच विचारून भागत नाही. “कशाचे टक्के?” हेही विचारावे लागते. उन्हाळ्यात धरण शून्य टक्क्यांवर आले अशी बातमी येते, तेव्हाही तळाशी मृत साठा असू शकतो. पिण्यासाठी तो पंप लावून उचलावा लागतो.

पुढचा प्रश्न: धरणात पाणी किती आले, हे कसे कळते? आम्हाला वाटे, नदीच्या तोंडाशी एखादे मीटर बसवले असेल. तसे नसते. धरणाची पाणीपातळी वाचतात. त्या पातळीला किती साठा, याचा तक्ता आधीच तयार असतो. साठा जेवढा वाढला, त्यात कालव्यांतून व दरवाज्यांतून गेलेले पाणी मिळवतात, वाफ होऊन गेलेले मिळवतात आणि जी बेरीज येते तिला ‘येवा’ म्हणतात. म्हणजे येवा हा वजाबाकी-बेरजेने काढलेला आकडा आहे. कालव्याचे मोजमाप चुकले की येवा चुकतो. तळाशी गाळ साचला आणि तक्ता जुनाच राहिला, तर कागदावरचे पाणी धरणात नसते. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था उपग्रहाच्या साहाय्याने धरणांतल्या गाळाची पाहणी करते, ती याचसाठी.

बाष्पीभवन ही तर किरकोळ बाब वाटते. पण जायकवाडीचा जलाशय उथळ आणि पसरट. पूर्ण भरला की सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरतो. एवढ्या पसाऱ्यावरून फक्त एक सेंटिमीटर पाणी उडाले, तर ३५ लाख घनमीटर, म्हणजे ३५० कोटी लिटर पाणी गेले. आमच्या वस्तीच्या टँकरमध्ये ते बसवायचे म्हटले तर साडेतीन लाख खेपा होतील.

वरचे आणि खालचे

गोदावरी पाणीतंटा लवादाच्या १९८० च्या निवाड्याने पैठण धरणापर्यंतचे गोदावरीचे सारे पाणी वापरण्याची मुभा महाराष्ट्राला दिली. त्यामुळे येथे भांडण परराज्याशी नाही, आपले आपल्याशी आहे. वर नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतली गंगापूर, दारणा, भंडारदरा, मुळा अशी धरणे. खाली जायकवाडी. वरची भरली की खालच्याला मिळणार.

सन २००५ मध्ये महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. त्याच्या कलम १२ मध्ये अशी तरतूद आहे की टंचाईच्या काळात एका खोऱ्यातल्या सर्व धरणांत ऑक्टोबरअखेर साठ्याचे प्रमाण जवळपास सारखे राहावे. २०१३ साली हिरालाल मेंढेगिरी यांच्या समितीने गोदावरीच्या या वरच्या भागासाठी तक्ते करून दिले. प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ रोजी त्या आधारे आदेश काढला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे हे तत्त्व उचलून धरले. त्या सूत्रात १५ ऑक्टोबरच्या सुमारास जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांखाली, म्हणजे सुमारे १,४११ दलघमीच्या खाली असेल, तर वरच्या धरणांतून किती पाणी सोडायचे ते ठरते.

२०२३ साली पाऊस कमी झाला. ३० ऑक्टोबरला ८.६०३ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. वर आंदोलने झाली, खालीही झाली, न्यायालयात धाव घेतली गेली आणि नोव्हेंबरच्या शेवटी पाणी सुटले.

आता येथे आमच्या टँकरची आठवण ठेवा. वरची मंडळी धरणाच्या दरवाज्याशी मोजतात आणि म्हणतात, एवढे दिले. खालची मंडळी नाथसागराच्या पातळीवर मोजतात आणि म्हणतात, एवढेच मिळाले. मध्ये कोरडे पात्र पाणी पिते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत पाणी अडते, म्हणून त्यांचे बर्गे काढावे लागतात. काठावरचे पंप पाणी ओढतात, म्हणून पाणी सोडण्याच्या काळात नदीकाठची वीज तोडावी लागते. तरीही तूट येतेच. पात्राने प्यालेले पाणी हा मोजमापाचा फरक, रात्री गुपचूप पंप लावून ओढलेले पाणी हा खरा फरक. दोन्ही एकाच शब्दात, ‘वहनव्यय’ म्हणून लिहिले, की कोणाचीच जबाबदारी राहत नाही. त्यांची फोड मागितली पाहिजे.

वरचा शेतकरी आमचा वैरी नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. नाशिक-अहिल्यानगरच्या पाटावर मजुरी करणारी आमचीच माणसे आहेत. पीक वाळले की पहिल्यांदा त्यांची मजुरी बुडते. वर आणि खाली दोन्हीकडे गरीबच भरडला जातो. म्हणून आकडा खरा असणे हे दोन्हीकडच्या गरिबाच्या हिताचे आहे.

एकच नदी, चार आकडे

कृष्णेचे उदाहरण आणखी बोलके आहे. बच्छावत लवादाने १९७६ च्या अंतिम आदेशात कृष्णेत २,०६० टीएमसी पाणी धरले. परतून येणाऱ्या ७० टीएमसीसह महाराष्ट्राला ५८५, कर्नाटकाला ७३४ आणि त्या वेळच्या आंध्र प्रदेशाला ८११ टीएमसी दिले. पुढे ब्रिजेशकुमार लवादाने २०१० साली तीच नदी मोजली तेव्हा २,१७३, २,२९३ आणि २,५७८ असे तीन आकडे मांडले.

नदी वाढली काय? नाही. प्रश्न बदलला. १०० पैकी ७५ वर्षे निदान किती पाणी मिळेल, याचे उत्तर २,१७३. १०० पैकी ६५ वर्षे किती, याचे उत्तर २,२९३. आणि सर्व वर्षांची सरासरी २,५७८. मग बच्छावतांचे २,०६० कुठून आले? त्यांचाही प्रश्न ७५ वर्षांचाच होता, पण त्यांनी १८९४-९५ पासून १९७१-७२ पर्यंतची ७८ वर्षे घेतली होती, नव्या लवादाने १९६१-६२ नंतरची ४७ वर्षे घेतली. आकडा ऐकताना त्यामागचा प्रश्न आणि त्यामागची वर्षे विचारा, हा याचा धडा.

बच्छावत लवादाच्या हिशेबात आणखी एक गोष्ट आहे. शहराने १०० लिटर उचलले तर खात्यावर २० लिटरच खर्ची पडतात, कारखान्याने १०० लिटर उचलले तर अडीच लिटर. बाकीचे सांडपाणी होऊन नदीला परत मिळते, असे गृहीत धरले आहे. कागदावर हे बरोबर असेल. पण परत येणारे पाणी कोणत्या रंगाचे येते आणि ते खालच्या कोणत्या वस्तीला प्यावे लागते, याचा रकाना त्या वहीत नाही. विहिरी आणि बोअरचे पाणी तर त्या वाटपात मोजलेच जात नाही. नदीकाठी शेकडो विहिरी उपसल्या आणि नदी आटली, तरी खात्यावर एक थेंबही पडत नाही.

सरकारच्या दोन वह्या

महाराष्ट्राच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत एक आकडा छापला गेला आणि सारे राज्य हादरले. एकूण पिकांखालच्या क्षेत्राशी सिंचनाखालच्या क्षेत्राचे प्रमाण २०००-०१ साली १७.८ टक्के होते, ते २००९-१० साली १७.९ टक्के झाले. दहा वर्षांत फक्त ०.१. मग धरणांवर ओतलेले हजारो कोटी गेले कुठे? नोव्हेंबर २०१२ मध्ये जलसंपदा विभागाने श्वेतपत्रिका काढली. तीत सिंचनातली वाढ ५.१७ टक्के सांगितली गेली. पुढे माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी पथक नेमले गेले आणि त्याने २०१४ साली अहवाल दिला.

०.१ खरे की ५.१७ खरे, यावर गल्लोगल्ली वाद झाले. पण दोन वह्यांची व्याख्या एक आहे काय, हे फार थोड्यांनी विचारले. धरण बांधून पाट खोदला की ‘सिंचन क्षमता निर्माण झाली’ असे लिहितात. त्या पाटातून खरोखर भिजलेली जमीन वेगळी. विहिरीवर भिजलेली जमीन आणखी वेगळी, आणि विहीर पाटाजवळ असेल तर ते पाणी कोणाच्या खात्यावर, हाही वादच. शिवाय एकूण पीक क्षेत्र वाढले की टक्का आपोआप घसरतो. दुकानात माल किती मावेल, माल किती आला आणि माल किती विकला, हे तीन आकडे कोणताही वाणी एकत्र करत नाही. आम्ही मात्र पाण्याच्या बाबतीत ते तिन्ही ‘सिंचन’ या एका नावाने बोलतो आणि मग भांडतो.

ज्यांचे नावच वहीत नव्हते

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत कोलोराडो नावाची नदी आहे. १९२२ साली सात राज्यांनी तिचे पाणी करार करून वाटून घेतले. वरच्या भागाला ७५ लाख एकरफूट, खालच्या भागाला ७५ लाख. १९४४ च्या तहाने मेक्सिकोला आणखी १५ लाख देण्याचे ठरले. सारे मिळून आपल्या भाषेत सुमारे ७१८ टीएमसी. पण मोजणी ज्या वर्षांवर केली, ती नेमकी जास्त पावसाची निघाली. नदीत तेवढे पाणी सरासरीने नाहीच. पगार आठ हजार आणि वाटून दिले दहा हजार, अशी गत झाली. धरणातल्या जुन्या साठ्यावर काही वर्षे निभावले आणि मग साठेही खाली गेले.

त्या करारातली दुसरी गोष्ट आमच्या वाचकांना अधिक जवळची वाटेल. नदीकाठी हजारो वर्षे राहणाऱ्या मूळ रहिवासी जमातींना १९२२ च्या त्या बैठकीला बोलावलेच नव्हते. त्यांचा पाण्यावरचा हक्क तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९०८ सालीच एका खटल्यात मान्य केला होता. तरी वाटणीच्या तक्त्यात त्यांना रकाना नव्हता. ज्याला वहीत रकाना नसतो, त्याच्या वाट्याची तूटही वहीत दिसत नाही.

बाबासाहेब आणि नद्यांची मोजणी

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर काय घडले, हे आमच्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. पण १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना पाटबंधारे आणि वीज ही खातीही बाबासाहेबांकडे होती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्या काळात आकाराला आली. १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे आणि नौकानयन आयोग स्थापन झाला, तोही त्यांच्याच खात्याखाली. आजचा केंद्रीय जल आयोग हा त्याचाच वारस. नदी प्रांताच्या सीमेवर तुटत नाही, म्हणून साऱ्या खोऱ्याचा विचार एकत्र झाला पाहिजे, हे धोरण तेव्हा पुढे आले.

तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्याचा हक्क आणि नदीचे पाणी मोजण्याची व्यवस्था, ही दोन कामे एकाच माणसाच्या आयुष्यात वीस वर्षांच्या आत येतात, याचा अर्थ आम्ही असा घेतो की हक्क मिळवायचा असेल तर मोजायला शिकावे लागते.

मग आपण काय करावे?

मोठ्या धरणांचे जललेखे सरकार तयार करते. महाराष्ट्रात सिंचन प्रकल्पांचे असे जललेखा अहवाल प्रसिद्ध झालेले आहेत. ते मिळवून वाचण्याची सवय आमच्या शिकलेल्या तरुणांनी लावून घ्यावी. पण सुरुवात घरापासून करता येते.

नळ किंवा टँकर किती वाजता आला, किती वेळ चालला, किती हंडे भरले, याची नोंद एका वहीत ठेवावी. हे काम घरातल्या मुला-मुलींना द्यावे. गणिताचा अभ्यासही होतो. गल्लीच्या दोन टोकांना दोन वह्या असाव्यात, म्हणजे रात्रीच्या खेपा सुटणार नाहीत. टँकर असेल तर महिन्यातून एकदा ड्रम लावून मोजावा. माहितीचा अधिकार २००५ सालापासून आहे. त्याखाली टँकरच्या नोंदवहीची नक्कल मागता येते. नक्कल हातात आली की लगेच आरोप करू नये. वेळेचा फरक वजा करावा, मोजमापाचा फरक वजा करावा आणि जे उरेल ते ठणकावून मांडावे.

गावात ग्रामसभेने पावसाळा संपल्यावर पाण्याचा अर्थसंकल्प मांडावा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने ते करून दाखवले आहे. पाऊस किती पडला ते मोजायचे आणि त्यावरून रब्बीला कोणती पिके घ्यायची ते ठरवायचे. त्या सभेत आमच्या वस्तीचा पिण्याच्या पाण्याचा रकाना पहिला लिहिला जातो की शेवटी, हे पाहायला आमच्या भगिनींनी स्वतः हजर राहावे.

आणि सरासरीवर भुलू नये. साऱ्या शहराचे पाणी साऱ्या लोकसंख्येने भागून माणशी लिटर सांगितले जातात. एका कॉलनीत बाग भिजते आणि एका वस्तीत आठवड्याने नळ येतो, तरी सरासरी गोंडसच दिसते. आमच्या वस्तीत किती, हा आकडा वेगळा मागावा.

त्या वस्तीवरची आजी आता नाही. तिची नात शिकून नोकरीला लागली आहे. मध्यंतरी भेटली तेव्हा आम्ही सहज विचारले, ती वही आहे का गं? म्हणाली, “आहे ना काका. आईनं पत्र्याच्या पेटीत ठेवली. जूनपासून पुढं आईनंच लिहिली ती, पाऊस लागेपर्यंत.”

त्या माउलीला अक्षर येत नव्हते. तिने रेघाच ओढल्या होत्या.